एका लाइटबिलावर नऊ कंपन्या

संभाजीनगरहून परत आल्यावर कोल्हापुरात जो भेटला त्यानं एकच विचारलं, "वेरूळ पाहिलंस का?" नाही पाहिलं. अजिंठाही नाही. मकबरा रिक्षातून जाताना दिसला, तोही रिक्षावाल्यानं मान वळवून दाखवला म्हणून. त्या शहरात राहून मी पाहिले ते पत्र्याचे शेड, एक बैठकीची खोली आणि बिडकीनचा एक रिकामा रस्ता. ऐकणारे हळहळतात. मी मात्र जो वेरूळचं विचारेल त्याला ही सगळी हकिकत ऐकवल्याशिवाय सोडत नाही. आता तुमची पाळी.

मी एका कॉलेजात गणित शिकवते. ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा हा माझा विषय. त्याचा जगाला काही उपयोग आहे असं मला स्वतःलाही वाटत नव्हतं, तोवर एका परिषदेत हेलेना भेटली. हेलेना युरोपातल्या एका विद्यापीठात कंपन्या कर कसा टाळतात याचा अभ्यास करते. चुकवणं नव्हे, टाळणं. कर चुकवणं हा गुन्हा; टाळणं म्हणजे कायद्याच्या कुंपणावरून तोल सांभाळत चालणं. एका देशात कमावलेला फायदा दुसऱ्या देशात नेऊन दाखवायचा, जिथं कर जवळजवळ नाहीच. मधे दोन-चार कंपन्या उभ्या करायच्या, ज्यांच्याकडं ना यंत्र ना माणसं, नुसता पत्ता. कागद एकेकटा वाचला तर प्रत्येक कंपनी गरीब गाय दिसते. म्हणून आम्ही चित्र काढतो. प्रत्येक कंपनी एक ठिपका. एकीची दुसरीत मालकी असली किंवा एकच माणूस दोन्हींकडं संचालक असला, की दोघींमध्ये रेघ. असे लाखो ठिपके संगणक जोडत बसतो, आणि रांगोळी पुरी झाली की ज्या ठिपक्यावरून जास्तीत जास्त रेघा जातात तो उठून दिसतो. पैशाची वाट बहुतेक तिथूनच असते.

अशा एका चित्रात मला माझं वर्तुळ सापडलं. संभाजीनगरच्या नऊ छोट्या कंपन्या. पहिलीचा मालक दुसरीत संचालक, दुसरीचा तिसरीत, असं करत नववीचा मालक पुन्हा पहिलीत. नऊच्या नऊ जणींचा नोंदणीचा पत्ता एकच, मुकुंदवाडी. आणि नवव्या ठिपक्यातून एक रेघ निघून थेट मॉरिशसला, तिथून नेदरलँड्सला. इतकं गोल, इतकं स्वच्छ वर्तुळ आमच्या चित्रात दुसरं नव्हतं. हेलेना खूश झाली. मी तर ते छापून फ्रिजवर लावलं.

आमच्या अहवालातल्या संशयितांच्या यादीत नाव छापण्याआधी प्रत्येक कंपनीला पत्र पाठवून तिची बाजू विचारायची, आणि त्याची एक प्रत तिच्या परदेशी गिऱ्हाइकाला द्यायची, ही आमची पद्धत. नऊ पत्रं गेली. आठांचं उत्तर आलं नाही. एकाचं आलं, मराठीत.

"मॅडम, तुमच्या पत्रानं जर्मनीची माझी ऑर्डर थांबली आहे. आयुष्यातली पहिली परदेशी ऑर्डर आहे. यादीत नाव आलं तर ती जाईल आणि शेडला कुलूप लागेल. तुम्ही मराठी दिसता. येऊन बघा. जेवायलाच या." खाली सही, सुभाष तांगडे. माझ्या चित्रातला आठ नंबर.

अहवाल येत्या सोमवारी छपाईला जायचा होता. कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी होती. मी बॅग भरली. नवरा म्हणाला, "चोराच्या घरी जेवायला निघालीस, डबा तरी घेऊन जा."

मुकुंदवाडी

दुष्काळाचं हे लागोपाठचं तिसरं वर्ष होतं. नगर मागं पडलं तसं बसच्या खिडकीतून हिरवं म्हणून काही दिसेना, तेव्हा आपण घरून उसाच्या मळ्यांमधून निघालो हे मला जरा लाजिरवाणंच वाटलं. पण शहर लागलं आणि वेगळंच. इकडं नवी इमारत, तिकडं अर्धी इमारत, तिच्या पलीकडं नुसते उभे खांब. पाणी नाही म्हणून गाव वाढायचं थांबतं, असं काही दिसेना. इमारतीआड इमारत आणि दोन इमारतींच्या मधे टँकर.

रिक्षावाल्याला मी पत्त्याची पहिली ओळ वाचून दाखवली, "पिठाची गिरणी, रेल्वे स्टेशनजवळ." त्यानं इमानदारीत मोठ्या स्टेशनवर नेऊन सोडलं. मी तिथं अर्धा तास पानवाल्यापासून हमालापर्यंत सगळ्यांना गिरणी विचारत हिंडले. शेवटी एकानं सांगितलं, मुकुंदवाडीचं स्टेशन निराळं आणि ते शहराच्या दुसऱ्या टोकाला. दुसरा रिक्षावाला हसत म्हणाला, "वो टेशन इत्तासा है मॅडम, गाडी रुकी तो लोगां को भी ताज्जुब होता."

गिरणी सापडली. तिच्या वरच्या मजल्यावर नऊ कंपन्यांचं कार्यालय. असल्या पत्त्यांची माझ्या डोक्यात एक कल्पना ठरलेली: काचेचं दार, पितळी पाट्या, आत कुणी नाही. इथं जिन्यात पायरीगणिक निळे ड्रम होते, दाराला तोरण होतं, आणि दार उघडलं ते पिठाचे हात असलेल्या एका बाईंनी.

"कंपनीचं ऑफिस इथंच का?"

"कंच्या कंपनीचं?"

"नऊ आहेत," मी जरा कडक आवाजात म्हणाले.

"व्हय, समद्या इथंच हायेत. कामून उभ्या राहिल्या? या की, बसा."

या लताबाई, सुभाषरावांच्या पत्नी. नऊ कंपन्यांचं कार्यालय म्हणजे त्यांची बैठकीची खोली. एक सोफा, टीव्ही, एका कोपऱ्यात वाळत घातलेल्या कुरडया. लताबाईंनी तांब्याभांडं आणलं. मी आमच्याकडच्या सवयीनं दोन घोट घेतले आणि भांडं खाली ठेवलं. लताबाईंनी ते उरलेलं पाणी अलगद उचललं आणि खिडकीतल्या तुळशीला घातलं. पुढं कुठल्याही घरी गेले तरी मी "अर्धंच द्या" म्हणायला शिकले, आणि ते सांडू न देता वरून प्यायलाही. कोल्हापुरात आल्यावर नळ सुरू ठेवून दात घासणाऱ्या नवऱ्यावर मी ओरडले, तर तो म्हणाला, प्रवासानं माणूस बिघडतो.

सुभाषराव जेवायच्या वेळेला आले. पन्नाशीचे, ठेंगणे, खिशाला दोन पेनं, नखांत तेल. हात जोडून म्हणाले, "मीच तुमचा चोर."

"तुम्ही आमच्याकडं आठ नंबर आहात," मी म्हणाले.

"आठ? बरं झालं, नऊ नाय म्हणलात. आमच्यात नववा बिडकीनचा भगवान हाय."

जेवायला ज्वारीची भाकरी, भाजक्या मसाल्याची येसर आमटी, कांदा आणि ठेचा. तिखटाच्या बाबतीत कोल्हापूरकरांनी कुणापुढं मान तुकवायची नसते, म्हणून मी ठेच्याचा मोठा घास घेतला. पुढची काही मिनिटं मी फक्त रडत होते. लताबाईंनी मुकाट्यानं वाटीभर दही पुढं सरकवलं, आणि चोराच्या घरी आलेल्या फौजदाराचा तोरा तिथंच संपला.

हात धुऊन मी चित्र काढून त्यांच्यापुढं ठेवलं. सुभाषरावांनी चष्मा लावला, बोटानं गोल फिरवलं आणि खो खो हसत सुटले. "अगं लता, हे बघ, आपला जामीन!"

गोष्ट अशी. दुष्काळाच्या पहिल्या वर्षी मोठ्या कारखान्यांनी सुटे भाग बनवायची कामं कमी केली. टिकायचं तर नवी यंत्रं हवीत, त्याला कर्ज हवं, कर्जाला जामीन हवा. नातेवाईक सगळे शेतकरी, त्यांच्या सात-बाऱ्याला त्या वर्षी कोण विचारतो? मग या नऊ जणांनी एकमेकांना जामीन राहायचं ठरवलं. कर्ज मिळवून देणारा एजंट म्हणाला, जामीनदार कंपनीतलाच असला तर काम लवकर होतं. म्हणून जो ज्याला जामीन, तो त्याच्या कंपनीत संचालक.

"पण गोल कशाला?" मी विचारलं. "दोघा-दोघांनी एकमेकांना राहायचं."

"तसं नसतं करायचं, ताई," लताबाई म्हणाल्या. "मी तुम्हाला, तुम्ही मला, असं केलं की दोघींचं भांडण झालं का दोघी बुडाल्या. आणि उपकार फेडल्यावाणी होतं. गोल असलं की ज्यानं आपल्याला दिलं त्याला परत द्यायचं नसतं, फुडच्याला द्यायचं असतं."

"आणि पत्ता एकच?"

"शेड समदे गुंठेवारीत," सुभाषराव म्हणाले. "शेतीची जमीन गुंठ्यागुंठ्यानं घेतलेली, कागद अर्धवट, मीटर दुसऱ्याच्या नावावर. नोंदणीला लाइटबिल पाहिजे. धड बिल एकट्या मह्या घराचं. दिलं समद्यांला झेरॉक्स काढून."

तेवढ्यात मला दुसरं सुचलं. पत्ता एकच, म्हणजे आमची नऊही पत्रं इथंच आली असणार. आलीच होती. पोस्टमननं नऊ सारखे लिफाफे आणून दिले, सुभाषरावांनी आठ घरपोच वाटले, आणि आठही जणांनी सांगितलं, तुला इंग्रजी येतं, तूच लिही.

मला राग आला. कुणावर ते कळेना. इतक्या गोल वर्तुळाच्या पोटी एक लाइटबिल निघावं? मी म्हणाले, तुम्ही सांगता ते मी ऐकलं, आता मला सगळे शेड दाखवा आणि मॉरिशसची रेघ कुठून निघते तेही दाखवा. मॉरिशसचं नाव त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं, हे तोंडावरून दिसत होतं. पण "चला," एवढंच म्हणाले.

खुलताबाद

दुसरा दिवस सकाळपासून स्कूटरच्या मागच्या सीटवर गेला. सुभाषराव चालवताना मागं वळून बोलतात, हा त्यांचा एकमेव गुन्हा मी स्वतः पाहिला. शेडमागून शेड. कुठं खिळे, कुठं रबरी वॉशर, कुठं पंपाची चक्रं. कंपन्या खऱ्या होत्या, घामानं निथळत होत्या आणि प्रत्येक ठिकाणी चहा घ्यावाच लागत होता. चौथ्या शेडनंतर मी चहाला नाही म्हणाले, तर मालकाचा चेहरा असा पडला की पाचव्या शेडपासून मुकाट्यानं पुन्हा सुरुवात केली.

दुपारी आम्ही घाट चढून खुलताबादला गेलो. सलीमभाईंचं घर तिथं, शेड खाली शहरात. सलीमभाई माझ्या चित्रातले एक नंबर, म्हणजे नऊ नंबरवाले भगवानराव यांना जामीन; आणि भगवानरावांना जामीन आठ नंबरचे सुभाषराव. डोंगरावरची सीताफळाची झाडं नुसत्या काड्या होऊन उभी होती. गावाच्या जुन्या दरवाजातून आत गेलं की मात्र गार वाटतं, भिंती जाड आणि गल्ल्या अरुंद. दर्ग्याकडं जाणारी माणसं, फुलांची दुकानं, एका ओट्यावर झोपलेलं मांजर. आमच्या जोतिबाच्या वाटेवर असते तशीच लगबग, फक्त गुलालाच्या जागी गुलाब.

नान-खलिया मी तिथं पहिल्यांदा खाल्लं. हळदीच्या रंगाची मोठी, मऊ नान आणि तिच्यासोबत मटणाचा दाट रस्सा. आमच्या तांबड्या रश्शासारखा तो अंगावर येत नाही, हळूहळू बोलतो. कोल्हापूरकरीण असून मी हे छापून देते आहे, पुढं काय व्हायचं ते होवो.

"मॅडम," सलीमभाई म्हणाले, "हम टॅक्स के चोर होते तो पत्रे के नीचे मई में कायकू बैठते? किसी ठंडी जगा नहीं बैठते?"

मी हसले आणि मग मॉरिशसच्या रेघेचं विचारलं. सलीमभाईंचं हसू थांबलं. त्यांनी सुभाषरावांकडं पाहिलं. "वो भगवान का मामला है. दो साल पहले उसके पास बडी मशिनां आयी. पैसा कहाँ से आया, मैंने नहीं पूछा."

"मी पण नाय," सुभाषराव म्हणाले.

"तुम्ही तर त्यांचे जामीन!" मी म्हणाले. "तेव्हा तर विचारायलाच हवं."

दोघंही माझ्याकडं असे बघायला लागले, जणू पाहुणी असून मी जेवणाचं बिल मागितलं. मग सुभाषरावांनी समजावून सांगितलं. जामीन राहण्याआधी काय हवं ते विचारावं. एकदा सही केली की माणसाचा हिशेब विचारायचा नाही. विचारलं म्हणजे विश्वास नाही, आणि विश्वास नाही तर सही कशाला केली? त्यांचे वडील असेच वागले, सलीमभाईंचेही. या रिवाजाला नाव नाही, कुणी मोडलेला मात्र त्यांना आठवत नव्हता.

आमच्याकडं असलं काही नाही असं मी म्हणणार होते. पण मग आठवलं, माझ्या सख्ख्या दिराच्या कर्जाला नवऱ्याची सही आहे आणि त्याचं पुढं काय झालं हे आमच्या घरात आजवर कुणी विचारलेलं नाही. मी दुसरी नान घेतली.

बिडकीन

बिडकीनला शनिवारी गेलो. एका बाजूला भेगाळलेली काळी रानं, त्यात वाळलेल्या तुरीचे बुडखे. दुसऱ्या बाजूला नव्या औद्योगिक वसाहतीचा रस्ता, सहा गाड्या शेजारी चालतील एवढा रुंद, दोन्हीकडं नवेकोरे दिवे. त्या रस्त्यावर वाहन एकही नव्हतं. शेळ्यांचा एक कळप मधोमध ऐटीत चालला होता आणि आम्हीच कडेनं गेलो.

भगवानराव हसतमुख, मोठ्या मिशांचे. त्यांची जमीन या वसाहतीत गेली, मोबदल्यात घर झालं आणि शेड झाला. "धपाटे खाल्ल्याबिगर काम बोलायचं नाय," म्हणाले. दह्यासोबत गरम धपाटे खाऊन झाले, मग त्यांनी मोठ्या अभिमानानं यंत्रं दाखवली. "माह्या कंपनीत फॉरेनचा वाटा हाय, मॅडम. समद्या नऊ जणांत माह्या एकट्याच्या!"

मी विचारत गेले, ते सांगत गेले, लपवाछपवीचा प्रश्नच नव्हता. एका मोठ्या गाडीतून दोघं आले होते. यंत्रांच्या कर्जाचं त्यांनी जुळवून दिलं. बदल्यात कंपनीत थोडा वाटा घेतला आणि एक नाव दिलं, मालाच्या खोक्यावर चिकटवायला. त्या नावाची दर वर्षी फी.

"किती?"

"फायदा व्हईल तेवढी. जवळपास समदीच. पण त्यातच तर गंमत हाय! फायदा दिसतच नाय, मंग टॅक्सच नाय. नाय तर शंभरातले तीस सरकारला द्या."

खोक्यावर एक निळं स्टिकर होतं, चांदणीचं. ते नाव बघून कुणी कधी माल घेतला का, असं मी विचारलं. भगवानरावांनी विचार केला. गिऱ्हाइकं सगळी त्यांचीच जुनी होती. नाव कुणाला वाचताही येत नव्हतं.

मी चित्राचा दुसरा कागद काढला. नऊ नंबरातून मॉरिशस, मॉरिशसहून नेदरलँड्स. आणि त्या शेवटच्या ठिपक्याला जगभरातून येऊन मिळणाऱ्या शेकडो रेघा. कागद त्या एका जागी जवळजवळ काळा झाला होता.

"हे बाकीचे कोण?" भगवानरावांनी विचारलं.

"हे सगळे भगवानराव," मी म्हणाले. "तीस रुपये कर वाचवायला शंभर रुपये फी देणारे. ते शंभर इथं येऊन थांबतात, आणि इथं कर जवळजवळ नाही."

भगवानराव कागदाकडं बघत राहिले. मला वाटलं, आता माझ्यावर चिडतील. पण बोलले ते सुभाषराव. खाली बघत, हळू आवाजात बोलले. "भगवान, फायदा समदा तिकडं जातो, तर यंत्राचा हप्ता कशातून भरायलास?"

भगवानरावांनी मान वर केली. "तू मला इचारतो?"

"इचारतो."

"सही केली म्हणून मालक झालास व्हय?"

भगवानराव उठून शेडच्या मागं निघून गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत. आम्हीच उठलो. परतीच्या वाटेवर सुभाषराव एकदाही मागं वळून बोलले नाहीत, आणि स्कूटर सरळ चालत असूनही मला त्या दिवशी जास्त भीती वाटली.

संध्याकाळी हेलेनाचा फोन आला. मी सगळं सांगितलं. ती नियमाची पक्की. म्हणाली, आठ नंबरनं उत्तर दिलंय, तू खात्री केलीस, त्याला वगळू. बाकीच्यांनी आपली बाजू सांगितलेली नाही, ते यादीत राहतील. प्रत्येकानं स्वतः, आपल्या शब्दांत सांगायला हवं. आणि उद्या संध्याकाळपर्यंत.

मी आनंदानं सुभाषरावांना सांगितलं: तुमची ऑर्डर वाचली. लताबाईंनी देवाला हात जोडले. सुभाषराव मात्र सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "नको."

"नको म्हणजे?"

"मला एकट्याला काढू नका. सलीमभाईचं नाव राहणार आणि मह्याच सहीनं अडकलेल्या भगवानचंही राहणार, अन मी जर्मनीला माल पाठवणार? काढायचं तर समद्यांचं खरंखोटं पाखडून काढा. नाय तर राहू द्या आठ नंबर."

मी चिडले. चांगली चिडले. ठेच्यापुढं हरले असले तरी कोल्हापूरच्या तिखटात वाढलेय, मलाही राग येतो. मी म्हणाले, तुमच्याकडं कामाला माणसं आहेत, त्यांना काय सांगणार? रिवाज होता म्हणून कुलूप लावलं? त्यावर ते एवढंच म्हणाले, "उद्या बोलावतो समद्यांला." लताबाईंनी न विचारता पीठ मळायला घेतलं.

पुन्हा मुकुंदवाडी

रविवारी दुपारपासून माणसं जमायला लागली. सोफा भरला, सतरंजी भरली, दोघं कुरडयांच्या कोपऱ्यात अवघडून बसले. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन एकेकाला विचारायचं, त्यानं सांगायचं, मी लिहायचं. कंपनी काय बनवते, पैसा कुठून येतो, कुठं जातो, फायदा किती, कर किती. पहिला प्रश्न विचारला आणि जो तो सतरंजीकडं बघायला लागला. मग लक्षात आलं. मला सांगायला त्यांची हरकत नव्हती. अडचण होती ती बाकीच्यांसमोर सांगण्याची.

सलीमभाईंनी घसा खाकरला. "चलो, मैं एक नंबर हूँ ना. लिखो." त्यांनी सगळं सांगितलं. मधे एकदा तोट्याचा आकडा आला तेव्हा शेजारच्यानं चमकून त्यांच्याकडं पाहिलं आणि पटकन नजर वळवली. मग दुसरा बोलला, मग तिसरा. पाचव्यापर्यंत तर एकमेकांना टोमणे सुरू झाले. "एवढा फायदा व्हतो अन चहा अर्धा पाजतो?" वगैरे. सुभाषरावांचंही झालं. भगवानराव आलेच नव्हते.

उन्हं कलली. मी घड्याळाकडं बघत होते, सुभाषराव दाराकडं. लताबाईंनी पोळ्यांची चळत आणून ठेवली, तिला कुणी हात लावेना. तेवढ्यात जिन्यात ड्रमला काहीतरी आदळल्याचा आवाज झाला आणि मिशा आत आल्या. भगवानराव सतरंजीवर माझ्यासमोर मांडी घालून बसले.

"लिव्हा," म्हणाले.

आणि त्यांनी सगळं सांगितलं. गाडीतले दोघं, वाटा, निळं स्टिकर, फी, आणि शेवटी आम्हाला ठाऊक नव्हतं तेही. यंत्राचे हप्ते ते शेवटच्या उरलेल्या रानाचे तुकडे विकून भरत होते. "मला वाटलं, लई हुशारी केली मी," म्हणाले. "माह्यावाणी अजून शेकडो हायेत ना कागदावर? मंग त्यांना कळू द्या, माझं नाव छापा. बाकीच्या आठांचं नको. वकील गाठून खोक्यावरचं ते नावही काढून टाकतो, पण आधी माझं छापा."

मी लिहिलं. माझे डोळे भरून आले, आणि तेव्हा ठेचा वगैरे काही नव्हता.

मग भगवानराव सुभाषरावांकडं वळले. "तू आता माझा जामीन राहू नको. दुसरा बघतो."

"राहतो," सुभाषराव म्हणाले. "पण दर महिन्याला इचारणार."

सलीमभाई म्हणाले, "अरे, मान जा." भगवानरावांनी मान डोलावली. पोळ्या मग भराभर संपल्या, आणि मला एक कशीबशी मिळाली.

रात्री हेलेनानं सगळं वाचलं. माझं वर्तुळ अहवालातून गेलं. त्याच्या जागी एक रेघ राहिली, पण तिच्या टोकाशी भगवानरावांचं सबंध निवेदन छापलं गेलं. आमच्या चित्रातल्या एका ठिपक्यानं पहिल्यांदाच स्वतः बोलून सांगितलं होतं. पुढं हेलेनाला त्याच काळ्या ठिपक्याशी जोडलेले, तशीच नावाची फी देणारे आणखी कितीतरी सापडले. फ्रिजवरचा कागद मी काढला. नवरा म्हणाला, राहू दे, गोल चांगला आलाय.

पावसाळा निम्मा सरल्यावर सुभाषरावांचा फोन आला. जर्मनीचा माल बंदरावर पोचला होता. भगवाननं ती निळ्या चांदणीची भानगड वकिलाकडून सोडवून घेतली होती. मी अभिनंदन केलं. पलीकडून नुसतं "हं" आलं, तेही ओढून.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय नाय, मॅडम. मी दर महिन्याला त्याला इचारतो, तो दाखवतो. काल तो घरी आला, बसला, पाणी पिला अन मलाच म्हणला, सुभाष, जर्मनीचे पैसे आले ना? फायदा कुठं जायलाय रे तुझा?"

"मग?"

"लई राग आला बघा," ते म्हणाले. "मंग दाखवला."